थापटण्याची परीक्षा

धाराशिव जिल्ह्यात तेरणेच्या काठी वसलेले तेर हे गाव, ज्याचा उल्लेख इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासवर्णनात ‘तगर’ नावाची मोठी पेठ म्हणून आलेला आहे, ते आज मराठी मुलखात ओळखले जाते एका कुंभारामुळे. संतमंडळी गोरोबाकाकांच्या घरी जमली असता मुक्ताबाईने थापटण्याकडे बोट दाखवून ही काय वस्तू म्हणून पुसले, मडके भाजले की कच्चे राहिले हे याने कळते असे काकांनी सांगितले, आणि मग तेच थापटणे एकेका संताच्या मस्तकावर पडू लागले. नामदेव तेवढे कुरकुरले व कच्चे ठरले, ही कथा सर्वश्रुत आहे. तिच्यातील अध्यात्म क्षणभर बाजूस ठेवले, तर एक आघात करावा, उमटणारा नाद ऐकावा आणि त्यावरून घटाच्या अंतरंगाचा निवाडा द्यावा, हे कसब तेवढे उरते. आणि डिजिटल अ‍ॅम्प मॉडेलर नामक जो जिन्नस हल्ली गिटारवादकाच्या पायाशी असतो, त्यातून चांगला टोन निघण्याचे मर्म याच कसबात आहे.

सतारीला भोपळा असतो, गोंधळ्याच्या तुणतुण्याला चामड्याने मढवलेले पोकळ नळकांडे असते. विजेच्या भरीव गिटारला मात्र असे नादपात्र नाही, म्हणून तिचा भोपळा म्हणजे अ‍ॅम्प्लिफायर आणि त्याला जोडलेला स्पीकर. आज सर्वत्र दिसणारा हा स्पीकर राइस आणि केलॉग या अमेरिकन संशोधकांनी १९२५ साली सिद्ध केला. पुढे १९५१ साली मेम्फिसमध्ये ‘रॉकेट ८८’ या गीताच्या ध्वनिमुद्रणात बिघडलेला स्पीकर कागद कोंबून वापरला गेला, आणि त्याची घरघर श्रोत्यांना इतकी भावली की दोषाचाच अलंकार झाला. १९६२ साली लंडनमध्ये जिम मार्शल यांच्या दुकानात फेंडर कंपनीच्या बासमन अ‍ॅम्पची नक्कल तयार झाली, आणि तीच नक्कल काही वर्षांत स्वतः अस्सल म्हणून मिरवू लागली. तेव्हा नकलेला नाक मुरडण्याचा अधिकार या कुळात कोणालाच नाही.

व्हॉल्व्हचे, म्हणजे निर्वात नळ्यांवर चालणारे, जड खोके वाहून नेण्याचा जाच टाळण्यासाठी १९८९ साली सॅन्सअ‍ॅम्प हे छोटे यंत्र आले, १९९६ साली लाइन सिक्स कंपनीने संगणकीय गणिताने अ‍ॅम्पची प्रतिमा उभी करणारा अ‍ॅक्सिस २१२ काढला, आणि १९९८ साली त्याच कंपनीचा, घेवड्याच्या दाण्यासारखा तांबडा ‘पॉड’ घरोघर पोचला. तथापि तक्रार एकच राहिली, की आवाज डब्यात कोंडलेल्या माश्यांसारखा येतो. त्याचे कारण असे, की गिटारचा बारा इंची स्पीकर सुमारे ५,००० हर्ट्‌झच्या वरचे स्वर जवळपास गाळून टाकतो, आणि ही चाळणी नीट बसली नाही तर व्हॉल्व्हची खरखर कानाला उघडीनागडी भिडते.

येथे थापटणे उपयोगी पडले. स्पीकरच्या खोक्याला, म्हणजे कॅबिनेटला, एक क्षणमात्र ध्वनी द्यावा, समोरच्या मायक्रोफोनने त्याचे उत्तर टिपावे, आणि वादकाच्या प्रत्येक स्वरास गणिताने त्या उत्तराची जोड द्यावी, की तोच स्पीकर, तोच माइक, तीच जागा कानी येते. या टिपणास ‘इम्पल्स रिस्पॉन्स’ अथवा वादकांच्या बोलीत ‘आयआर’ म्हणतात. ही जोड विलंबावाचून देण्याची युक्ती संशोधक गार्डनर यांनी १९९५ साली मांडली, आणि एका आघाताऐवजी खर्जापासून तारापर्यंत चढत जाणारा स्वर सोडून तेच उत्तर अधिक स्वच्छ मिळवण्याची रीत संशोधक फरिना यांनी २००० साली दिली. सेकंदाला ४८,००० नमुन्यांच्या हिशेबाने २,०४८ नमुन्यांचा आयआर म्हणजे अवघे ४३ सहस्रांश सेकंद. एवढ्याशा टिपणात कॅबिनेटची अस्सल बरहुकूम नक्कल मावते. मात्र हळू वा जोरात मारले तरी जी वस्तू एकाच प्रमाणात उत्तर देते, तिचीच परीक्षा अशी होऊ शकते. व्हॉल्व्ह तर जोर वाढताच स्वभाव बदलतो, म्हणून २०११ सालच्या केम्पर यंत्राने खऱ्या अ‍ॅम्पला नाना प्रकारचे ध्वनी पाजून त्याची स्वतंत्र जबानी घेतली.

या कुळकथेचा व्यवहारात उपयोग इतकाच. टोन न जमला तर शेकडो अ‍ॅम्पच्या नकला चाळत बसू नये. अ‍ॅम्प तोच ठेवून आधी आयआर बदलावा, गेन, म्हणजे खरखर वाढवणारी कळ, मनाला वाटतो त्याहून थोडा कमी ठेवावा, आणि गिटारची सर्वांत जाड तार सुमारे ८२ हर्ट्‌झवर बोलत असल्याने त्याखालचा गाळ निःशंक कापून टाकावा. शेवटची रुजुवात रात्री हळू आवाजात करू नये, कारण मंद आवाजात मनुष्याच्या कानाला खर्ज आणि टीप दोन्ही उणे भासतात, आणि ती उणीव भरून काढण्यासाठी वाढवलेले खर्ज-टीप दुसऱ्या दिवशी मंचावर बोचू लागतात. ज्या आवाजात वाजवायचे, त्याच आवाजात ऐकून निवाडा करावा.