पिकात उमटलेल्या नद्या

उभ्या गव्हाचा विमानातून काढलेला फोटो बघून जमिनीखालचं गाव ओळखायचं, ही विद्या ज्यानं नावारूपाला आणली तो माणूस मुंबईत जन्मला. ओ. जी. एस. क्रॉफर्ड, जन्म २८ ऑक्टोबर १८८६, ब्रीच कँडी. (क्रॉफर्ड मार्केटवाला तो आर्थर, हा दुसरा.) वडील ठाण्याला न्यायाधीश. आई बाळंतपणानंतर काही दिवसांतच गेली आणि तीन महिन्यांच्या पोराची बोटीनं विलायतेला रवानगी झाली.

पहिल्या महायुद्धात क्रॉफर्ड विमानातून टेहळणी करत असे. १९२० साली तो ऑर्डनन्स सर्व्हे या ब्रिटिश नकाशाखात्याचा पहिला पुरातत्त्व अधिकारी झाला. हवाईदलाचे फोटो हाती पडले आणि त्यांत त्याला प्राचीन शेतांचे बांध दिसले. १९२३मध्ये स्टोनहेंजकडे जाणाऱ्या प्राचीन वाटेचा नाहीसा झालेला भाग त्यानं फोटोवरून हेरला, मग खणून खात्री करून घेतली. १९२८ला अलेक्झांडर कीलरसोबत ‘वेसेक्स फ्रॉम द एअर’ हे पुस्तक आलं. कीलरच्या घरचा धंदा मार्मालेडचा; इतिहासाला असेही आश्रयदाते लाभतात.

पिकात उमटणाऱ्या या खुणांमागचं गणित कुठल्याही शेतकऱ्याला पटेल. जुना खंदक बुजला की तिथं माती खोल असते, ओल टिकते. वरचा गहू उंच वाढतो आणि उशिरा पिवळा पडतो. खाली दगडी भिंत असली तर मुळांना वाव नाही. तिथला गहू खुजा राहतो, लवकर पिकतो. पाऊस ओढ देतो तेव्हा हा फरक ठळक होतो. इंग्लंडमधल्या रिचबरोच्या शेतात जुन्या रस्त्यांच्या रेघांवर पीक विरळ येतं, हे विल्यम कॅम्डेन या इतिहासकारानं चारशे वर्षांपूर्वीच लिहून ठेवलं होतं. त्याच्याकडे विमान नव्हतं, एवढंच.

गहू तर दिल्लीभोवतीही आहे. रोहतक, सोनीपत, बागपत या पट्ट्यात हडप्पाकालीन वस्त्याही आहेत. तरी ही युक्ती इथं घरं शोधायला फारशी चालत नाही. भिंती कच्च्या विटांच्या, म्हणजे भोवतालच्याच मातीच्या. वरून नद्यांच्या गाळाचे थर. त्यात ट्यूबवेलचं पाणी सगळ्या शेताला सारखं मिळतं, मग ओलीचा फरक दिसणार कुठून? शिवाय हवाई छायाचित्रं अनेक दशकं संरक्षण खात्याच्या परवानगीत अडकलेली. म्हणून इथल्या जागा सापडल्या त्या पायी हिंडून, नाहीतर योगायोगानं. पुरातत्त्वज्ञ सूरज भान यांनी हरियाणा पालथा घातला आणि १९६८मध्ये मिताथल उकरलं. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे वसंत शिंदे रोहतक जिल्ह्यातल्या फरमाण्याला पोचले, तेव्हा नांगर फिरून फिरून तिथलं जुन्या वस्तीचं टेकाड बरंच बसलं होतं. बागपतमधल्या सिनौलीची दफनभूमी २००५मध्ये उजेडात आली, ती शेत सपाट करताना.

पिकाच्या खुणा इथं भलतंच काही दाखवतात: आटून गेलेल्या नद्या. बुजलेल्या पात्रातली माती शेजारच्या मातीहून वेगळी, म्हणून हिरवळही वेगळी. १९८०मध्ये यशपाल आणि सहकाऱ्यांनी लँडसॅट उपग्रहाच्या चित्रांवरून घग्गर नदीच्या जुन्या रुंद पात्राचा माग काढला. २०१७मध्ये हेक्टर ओरेंगो आणि कॅमेरॉन पेट्री यांनी लँडसॅट-५ची २८ वर्षांची चित्रं ऋतूंप्रमाणे एकावर एक रचली. एखाद्या कोरड्या वर्षाची वाट बघत बसायला नको, सगळ्याच हंगामांची साक्ष एकदम घ्यायची, ही त्यातली खरी हुशारी. सतलज ते यमुना या भागात त्यांना दिसलं ते गुंतागुंतीच्या प्रवाहांचं जाळं, एकच एक महानदी नव्हे. घग्गर म्हणजेच सरस्वती का, यावरून हमरीतुमरीवर येणाऱ्या दोन्ही बाजूंनी हे चित्र शांतपणे बघायला हवं. त्यातही कुठलं पात्र कधी वाहत होतं हे फोटो सांगत नाही. त्यासाठी वाळूचे नमुने काढून त्यांचं वय ठरवावं लागतं.

१५ फेब्रुवारी २०२१च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनंतर भारतीयांना नकाशे करण्यासाठी पूर्वीसारखी आगाऊ परवानगी लागत नाही. तेव्हा पुण्या-रोहतकच्या विद्यार्थ्यांनी, जिथं ड्रोनला मुभा आहे तिथं, रब्बीतली ही शेतं वरून टिपून ठेवावीत. लेझर लेव्हलर उरलीसुरली टेकाडं सपाट करण्याच्या आत हे व्हायला हवं.