शिनानो: वळणांशी तह करणाऱ्या गाडीची कुळकथा

जपानच्या मध्यभागातील नागोया शहरातून निघून, किसो नदीचे खोरे चढत, मात्सुमोतोचे मैदान मागे टाकून नागानोस पोहोचणारी 'शिनानो' ही तोक्क्यू, म्हणजे मोजक्याच स्थानकांवर थांबणारी आणि भाड्याखेरीज वेगळा अधिभार घेणारी शीघ्रगामी गाडी, 250.8 किलोमीटरचा प्रवास आज सुमारे तीन तासांत पुरा करते. खिडकीपाशी बसलेल्या उतारूस कधी नदीचे शुभ्र पात्र, कधी उभ्या डोंगराला बिलगलेले एखादे जुने मुक्कामाचे गाव, तर कधी हिनोकी वृक्षांची गर्द रांग दिसत राहते, आणि ही गाडी कुणा रसिकाने निसर्गशोभा दाखविण्यासाठीच योजली असावी, असा समज होणे स्वाभाविक आहे. तिची वंशावळ धुंडाळू लागल्यावर मात्र निसर्गशोभेचा विचार सुरुवातीच्या कोणत्याही पिढीत आढळत नाही; तेथे आढळतात नाक्यावरचे पहारेकरी, आरमाराची धास्ती, अरुंद रूळ आणि त्या रूळांवरच वेग मिळविण्याचा अभियंत्यांनी धरलेला हट्ट.

या वंशावळीचा मूळपुरुष म्हणजे नाकासेन्दो हा रस्ता होय. तोकुगावा शोगुनांच्या अमलात एदो (आजचे तोक्यो) आणि क्योतो या दोन नगरांना जोडणारे दोन राजमार्ग होते: समुद्रकाठचा तोकाइदो आणि डोंगरातून जाणारा, 69 मुक्कामांचा नाकासेन्दो. त्यांपैकी 11 मुक्काम एकट्या किसोच्या खोऱ्यात होते, आणि त्यांच्या मध्यावर फुकुशिमा येथे तपासणीचा नाका होता. दस्तकाशिवाय तेथून कुणाची सुटका नसे. एदोकडे जाणाऱ्या बंदुका आणि एदोबाहेर पडणाऱ्या स्त्रिया या दोहोंवर पहारेकऱ्यांची विशेष नजर असे, कारण सरदारांची बायकामुले एदोत ओलीस असल्यासारखीच राहत, आणि त्यांतील कुणी निसटून गेल्यास बंडाचा सुगावा लागला असे समजले जाई. खोऱ्यातील अरण्य ओवारीच्या तोकुगावा घराण्याच्या ताब्यात होते. हिनोकीसह पाच जातींच्या वृक्षांना हात लावण्यास रयतेला मनाई होती, आणि एका झाडाबद्दल एक शिर द्यावे लागे, अशी त्या कायद्याची स्मृती लोकांत अजून टिकून आहे. आज खिडकीतून जे वन दिसते, त्याचे आयुष्य या कठोर अंमलबजावणीने राखले गेले, हे पाहणाऱ्याने विसरू नये. त्या सौंदर्याची किंमत डोंगरातील गरीब माणसाने मोजलेली आहे.

पुढे तोकुगावांच्या जागी आलेल्या मेइजी सरकारने तोक्यो आणि पश्चिमेकडील शहरे यांना जोडणारा मुख्य लोहमार्ग बांधण्याचे मनावर घेतले, तेव्हा 1883 साली निवड झाली ती याच डोंगरी मार्गाची. समुद्रकाठचा मार्ग शत्रूच्या युद्धनौकांच्या तोफांना उघडा पडेल, ही लष्कराची हरकत त्यामागे होती. शिवाय काठावर जहाजांची वाहतूक होतीच, आडरानाला मात्र काहीच नव्हते. कर्जरोखे निघाले, मोजणी सुरू झाली, आणि मोजणी जसजशी पुढे सरकली तसतसे खिंडी, बोगदे आणि चढ यांचे खरे स्वरूप उलगडू लागले. लोहमार्ग खात्याचे प्रमुख इनोउए मासारु यांच्या ध्यानात आले की हा मार्ग पुरा होण्यास लागणारा काळ व पैसा राष्ट्राला परवडणारा नाही, आणि पुरा झाला तरी चढांमुळे गाड्या मंदच धावतील. 1886 मध्ये सरकारने निर्णय फिरविला. मुख्य मार्ग तोकाइदोला गेला आणि 1889 साली पुरा झाला. केलेली निवड चुकली असे दिसताच ती उघडपणे बदलण्याचे हे धैर्य मला त्या पिढीचा मोठा गुण वाटतो. किसोच्या खोऱ्याला आपली पाळी येण्यासाठी त्यानंतर पाव शतक थांबावे लागले: 1892 च्या लोहमार्ग बांधणी कायद्याने मध्यवर्ती मार्गाला, म्हणजे चूओ मार्गाला, मान्यता दिली, आणि दोन्ही टोकांकडून पुढे सरकत आलेले काम 1 मे 1911 रोजी किसोतच एकमेकांस मिळाले.

परंतु जो मार्ग तयार झाला तो अरुंद होता. 1872 साली शिम्बाशी-योकोहामा ही पहिली आगगाडी सुरू करताना जपानने 1067 मिलिमीटरचे रूळांतर पत्करले होते. आपल्याकडच्या रुंद मार्गाचे 1676 मिलिमीटर लक्षात घेतले म्हणजे हा आखूडपणा नजरेत भरतो. अरुंद मार्ग स्वस्त पडतो आणि डोंगराच्या कुशीत आखूड वळणे घेऊ शकतो. पण त्याच वळणांवर गाडीला वेग सोडावा लागतो. मार्ग रुंद करावा म्हणून शिमा यासुजिरो या अभियंत्याने विसाव्या शतकाच्या दुसऱ्या दशकात प्रयोगानिशी आग्रह धरला. आहे त्यात सुधारणा करण्यापूर्वी गावोगावी नवे मार्ग पोहोचवावेत, असे म्हणणारा राजकीय पक्ष वरचढ ठरला, 1919 मध्ये ही योजना बारगळली आणि शिमांनी नोकरी सोडली. त्यांचे पुत्र शिमा हिदेओ यांनी पुढे 1964 मध्ये रुंद रूळांची शिन्कान्सेन उभी करून पित्याचे स्वप्न साकार केले, ही हकीकत सर्वश्रुत आहे. पण शिन्कान्सेन सपाटीवरून, बोगद्यांतून आणि पुलांवरून सरळ रेषेत गेली. डोंगरात राहिलेल्या अरुंद मार्गांचे काय करायचे, हा प्रश्न तसाच उरला, आणि 'शिनानो'चा खरा जन्म या उरलेल्या प्रश्नातून झाला.

'शिनानो' हे नाव साध्या एक्सप्रेसला पूर्वीपासून होते. 1 ऑक्टोबर 1968 च्या मोठ्या वेळापत्रक-सुधारणेत तिला तोक्क्यूचा दर्जा मिळाला. तिच्यासाठी 500 अश्वशक्तीच्या यंत्राचे नवे डिझेल डबे, 'किहा 181', प्रथम याच मार्गावर आणले गेले. छतावर बसविलेले शीतक वाऱ्याच्या झोतावर थंड राहावेत अशी त्यांची योजना होती. परंतु लांब चढावर गाडी हळू चाले आणि यंत्र मात्र पूर्ण जोर लावी, त्यामुळे ते तापत असे. बळ वाढवूनही वळणांचा प्रश्न सुटला नाही. वळणावरची वेगमर्यादा बळाने उठत नाही.

गाडी वळण घेते तेव्हा केंद्रोत्सारी बल उतारूला बाहेर ढकलते. बाहेरचा रूळ उंच ठेवून त्याची भरपाई करता येते, पण सावकाश धावणाऱ्या मालगाड्याही त्याच रूळांवरून जाव्या लागत असल्याने ती उंची अमर्याद वाढविता येत नाही. राष्ट्रीय रेल्वेच्या अभियंत्यांनी निराळा विचार केला: रूळ आहेत तसे राहू द्यावेत, डब्यालाच आतल्या बाजूस कलू द्यावे. 1970 मध्ये 591 ही प्रायोगिक गाडी तयार झाली आणि तिच्यावरून 381 श्रेणीची विद्युत् गाडी घडविली गेली. डब्याचे शरीर चाकांच्या गाड्यावर घट्ट न बसविता कमानदार मांडणीतील रोलरांवर ठेवले होते. डोलण्याचा मध्य वर आणि भार खाली, त्यामुळे बाहेर खेचणाऱ्या बलानेच डबा झोपाळ्यासारखा खालून बाहेर झुकावा आणि माथा आत कलावा, अशी ही रचना होती. कल कमाल 5 अंशांचा. भार खाली राहावा म्हणून शरीर अ‍ॅल्युमिनियमचे केले गेले आणि वातानुकूलनाची यंत्रेही छतावरून काढून तळाशी नेली. नाकात्सुगावा ते शिओजिरी या टप्प्याचे विद्युतीकरण 1973 साली पुरे झाले आणि त्या वर्षीच्या 10 जुलैपासून 'शिनानो'चे नाव धारण करून 381 धावू लागली. नेहमीच्या सेवेत उतरलेली जपानची ही पहिली डोलती गाडी. वळणांवर इतर गाड्यांपेक्षा ताशी 20 किलोमीटरपर्यंत अधिक वेग ती राखू शके.

या यशाला एक खोट होती, आणि ती उतारूंच्या पोटाने ओळखली. रोलरांना घर्षण असते. वळण सुरू झाले तरी डबा क्षणभर ताठच राहतो, मग एकदम कलतो, आणि वळण संपल्यावर तसाच उशिरा सरळ होतो. कागदावर हा विलंब क्षुल्लक होता. किसोतील एकामागून एक येणाऱ्या वळणांत तो शरीराला सोसवेना, आणि वांती होणाऱ्यांसाठी पिशव्या ठेवाव्या लागल्या. मनुष्याचे शरीर कलाला भीत नाही, अनपेक्षित कलाला भिते, हा धडा या गाडीने साऱ्या जगाच्या अभियंत्यांना दिला. उपाय शिकोकू बेटावर निघाला: 1989 च्या 2000 श्रेणीच्या डिझेल गाडीत संगणकाला मार्गावरील सर्व वळणांची यादी पाठ करविली, गाडी कोठे आहे हे त्याला सतत कळू दिले, आणि वळण येण्यापूर्वीच दाबलेल्या हवेच्या जोराने डबा हळूहळू कलू लागेल अशी व्यवस्था केली. हीच विद्या 1995 पासून 'शिनानो'वर 383 श्रेणीच्या रूपाने आली. या गाडीची चाकेही वळणाप्रमाणे स्वतः किंचित वळतात, आणि तिचा कमाल वेग ताशी 130 किलोमीटर आहे.

निसर्गशोभा या कुळात अशी उशिरा आणि आडवाटेने आली. वेगासाठी घडलेल्या गाडीला रेल्वेने मोठ्या खिडक्या दिल्या, नागानोकडील टोकाच्या डब्याला समोरचा मार्ग दिसेल असे काचेचे तोंड दिले, आणि मग ती डोंगरदर्शनाची गाडी म्हणून ख्यात झाली. आगेमात्सुजवळ ग्रॅनाइटच्या पांढऱ्या शिळांतून किसो नदी वाहते ते 'नेझामे नो तोको' काही क्षणांपुरते दिसते. उराशिमा तारो हा कथेतील कोळी तेथेच आपल्या दीर्घ स्वप्नातून जागा झाला, असे लोक सांगतात. पुढे ओबासुते येथे झेन्कोजीचे मैदान आणि उतरणीवरची भातखाचरे एकदम नजरेपुढे उघडतात. तेथील स्थानक चढावर असल्याने थांबणाऱ्या गाड्यांना मागेपुढे हलत आत शिरावे लागते, जसे एके काळी आपल्या बोरघाटात गाड्यांना दिशा पालटावी लागे. 'शिनानो' मात्र तेथे न थांबता सरळ निघून जाते.

1997 मध्ये नागानोपर्यंत शिन्कान्सेन आली आणि तोक्योकडून येणाऱ्या जुन्या डोंगरी तोक्क्यूंचा काळ संपला. 'शिनानो'चे तोंड नागोयाकडे असल्याने ती वाचली. मात्र ओसाकापर्यंत जाणारी तिची एक फेरी 2016 मध्ये बंद झाली. 381 श्रेणीतील पहिला डबा नागोयाच्या रेल्वे संग्रहालयात ठेवला आहे, आणि त्याच श्रेणीच्या शेवटच्या गाड्या 'याकुमो' या नावाने ओकायामा-इझुमोच्या डोंगरात 2024 पर्यंत चालल्या. 383 ची जागा घेण्यासाठी 385 श्रेणीची घोषणा 2023 साली झाली असून, कल अधिक अचूक ठरविण्यासाठी तिच्यात जायरो या वळण मोजणाऱ्या उपकरणाचा उपयोग होणार आहे. तिच्या चाचण्यांसाठी नवा मार्ग बांधलेला नाही. किसोच्या त्याच वळणांवर त्या व्हायच्या आहेत.