वजिफा आणि वसतिगृह

फी माफ झाली की गरिबाचे पोर पदवीधर होते, असे आपल्या समाजात अजूनही अनेकांना वाटते. पण शहरात राहायचे कुठे, खायचे काय? छत्रपती शाहू महाराजांनी नेमकी हीच अडचण ओळखली. कोल्हापुरात त्यांनी आधी काही मुस्लिम मुलांना मराठा बोर्डिंगमध्येच ठेवून घेतले. मग १९०६ साली मोहामेडन एज्युकेशन सोसायटी काढली, अध्यक्षपद स्वतःकडे घेतले आणि मुस्लिम बोर्डिंग उभे राहिले. छप्पर व जेवण आधी, पदवी नंतर.

सच्चर समितीचा अहवाल २००६ साली आला. त्यानंतर केंद्राने व्यावसायिक अभ्यासक्रमांसाठी मेरिट-कम-मीन्स शिष्यवृत्ती काढली. फीपोटी वर्षाला २० हजारांपर्यंत, वसतिगृहात राहणाऱ्याला महिना १ हजार, तेही दहाच महिने मिळत. संशोधकांसाठीची मौलाना आझाद फेलोशिप २००९ मध्ये आली नि २०२२ मध्ये बंदही झाली.

हजार रुपयांत पुण्या-मुंबईत खाट तरी मिळते का? वजिफा अनेकदा वर्ष सरताना खात्यावर पडतो, खाणावळवाला मात्र महिन्याला पैसे मागतो.

म्हणून आम्ही उर्दू शाळांतले शिक्षक दहावीच्या फॉर्मआधीच मुलांचे दाखले तपासत बसतो. एका कागदावर ‘शेख’ आधी, दुसऱ्यावर शेवटी, एवढ्यावरून पुढे कॉलेजात अर्ज अडतो.