‘मज्जा’ शब्दाचे अर्थ : शरीरांत व वनस्पतींत

वैद्यकाच्या जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांस ‘मज्जा’ हा शब्द वारंवार आढळतो. त्याचा हाडांतील मगज हाच एक अर्थ सर्वत्र लावल्यास पाठाचा विपर्यास होतो. म्हणून त्याच्या अर्थांचा येथें विचार करूं.

अमरकोशांत हा शब्द वनौषधिवर्गांत, ‘सार’ शब्दाचा पर्याय म्हणून, सालीच्या नांवांजवळ आला आहे. तेथें त्याचा अर्थ झाडाचा गाभा. मूळ संस्कृत शब्द ‘मज्जन्’ हा पुल्लिंगी. मराठींत तो स्त्रीलिंगी झाला. बृहदारण्यकोपनिषदाच्या तिसऱ्या अध्यायांत याज्ञवल्क्य पुरुषाची वृक्षाशीं तुलना करितो. केस तीं पानें, हाडें तें आंतील लांकूड. पण मज्जेस उपमान मज्जेचेंच. दोहोंकडे नांव एकच असल्यानें दुसरा शब्द शोधावा लागला नाहीं.

सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानांत तिसरा अर्थ मिळतो. गर्भाचे सर्व अवयव एकाच वेळीं उत्पन्न होतात, परंतु सूक्ष्मत्वामुळें दिसत नाहींत, या मतास तेथें आंब्याचा दृष्टांत दिला आहे. पिकल्या आंब्यांत केसर, मांस, अस्थि व मज्जा हीं पृथक् दिसतात. कोवळ्यांत दिसत नाहींत. येथें मांस म्हणजे गर, अस्थि म्हणजे कोय व मज्जा म्हणजे कोयीच्या आंतील बी.

तात्पर्य, हा शब्द द्रव्याचा नसून स्थानाचा वाचक आहे. अस्थिमज्जेंत रक्तपेशी उत्पन्न होतात; झाडाचा गाभा व फळाचें बी हीं त्याहून सर्वस्वी भिन्न. समान गोष्ट एवढीच कीं, तीं कठीण कवचाच्या आंत असतात. फारसींतून आलेला ‘मगज’ शब्दही मेंदू आणि बियेंतील गर या दोहोंस लागतो. लॅटिन ‘मेडुला’ शब्दाचेही हाडांतील मज्जा व झाडाचा गाभा असे दोन्ही अर्थ आहेत.

पाठनिर्णयास याचा उपयोग असा. चरकसंहितेंत तूप, तेल व वसा यांच्या पंक्तींत येणारी मज्जा प्राण्याची, कारण तेथें चार स्नेहांची गणना आहे. चन्द्रोदया वर्तींत शंखनाभि, मनःशिला, हिरडा इत्यादींसह बेहड्याची मज्जा बकरीच्या दुधांत वाटावयाची, ती बियेंतील मगज होय. अर्वाचीन मराठी ग्रंथांत तर ‘मज्जातंतु’, ‘मज्जासंस्था’ अशा शब्दांत चौथाच अर्थ आला. आजच्या शालेय पुस्तकांत त्याच संस्थेस ‘चेतासंस्था’ म्हणतात.

म्हणून सूची करणारानें किंवा पोथी छापणारानें ‘मज्जा’ दिसतांच प्रथम भोंवतालचे शब्द पाहावे, आणि मगच अर्थ लिहावा. औषधाच्या पाठांत अर्थ चुकला, तर द्रव्यच बदलतें.