हॉकीची जुनी चित्रकार्डे आणि वऱ्हाडचा क्रीडा-इतिहास

खेळाडूंची चित्रे छापलेली जुनी कार्डे जमविणे हा वरवर पाहता फावल्या वेळचा छंद होय. तथापि इतिहासाच्या अभ्यासकाने त्यांच्याकडे साधन म्हणूनही पाहिले पाहिजे. प्रस्तुत लेखात हॉकीच्या कार्डांचा विचार या दृष्टीने व यवतमाळ-अमरावतीच्या परिसरातून करावयाचा आहे.

प्रथम एक गोंधळ दूर करणे आवश्यक आहे. जागतिक बाजारात ‘हॉकी कार्ड’ म्हणजे बर्फावरील हॉकीचे कार्ड. कॅनडात १९१०-११ च्या हंगामात खेळाडूंची ३६ रंगीत कार्डे सिगारेटच्या पाकिटांतून दिली गेली. पुढे तंबाखूची जागा च्युइंगमने घेतली. वेन ग्रेट्झकी याचे १९७९ सालचे एक निर्दोष कार्ड २०२१ मध्ये साडेसदतीस लाख डॉलरना विकले गेले. आपल्या मैदानी हॉकीच्या वाट्याला असा बाजार आला नाही.

मैदानी हॉकीच्या दृष्टीने महत्त्वाचा ठरतो तो १९३६ च्या ऑलिंपिकवरील दोन खंडांचा जर्मन अल्बम. तो आल्टोना-बाहरेनफेल्ड येथील सिगारेट-चित्र संस्थेने काढला. सिगारेटच्या पाकिटांतील कुपने साठवून चित्रे मागवावयाची व कोऱ्या अल्बममध्ये चिकटवावयाची, अशी ही योजना होती. चित्र चिकटविले की पाठीवरचा मजकूर कायमचा झाकला जाई. म्हणूनच संग्राहक सुट्या, न चिकटविलेल्या चित्रांस अधिक मोल देतात.

परंतु दुर्मिळता व विश्वसनीयता या एक गोष्टी नव्हेत. १५ ऑगस्ट १९३६ रोजी भारताने जर्मनीस ८-१ असे हरविले. संपूर्ण स्पर्धेत भारताने ३८ गोल केले व एकच स्वीकारला. हा विजय सर्वश्रुत आहे. स्पर्धेपूर्वीच्या सराव सामन्यात जर्मनीनेच भारतास ४-१ असे हरविले होते, हे मात्र विजयाच्या चित्रातून कळत नाही. अंतिम सामन्यात ध्यानचंद यांचे गोल किती, याविषयीही नोंदींत एकमत नाही; कोठे तीन, कोठे सहा. कार्ड हाती आले म्हणून प्रश्न सुटला, असे मानता येणार नाही.

त्याच बर्लिनमध्ये अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या (स्थापना १९१४) पथकाने कबड्डीसह भारतीय खेळांची प्रात्यक्षिके केली होती. आपल्या वऱ्हाडच्या दृष्टीने ही घटना हॉकीच्या सुवर्णपदकाहून कमी महत्त्वाची नाही, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे. प्रात्यक्षिकास पदक नसते व गोलांचा तक्ताही नसतो. आणि कार्ड छापणाऱ्या व्यापाऱ्यास हवा असतो विजेता. भारतात चित्रकार्डाचे काम काही अंशी टपाल तिकिटांनी केले. १९६६ च्या आशियाई स्पर्धेतील हॉकी-विजयावर व १९८० मध्ये ध्यानचंद यांच्यावर तिकिटे निघाली. येथेही मान विजेत्यालाच.

जे जिंकले नाहीत, किंवा जिल्ह्याबाहेर खेळलेच नाहीत, त्यांचा पुरावा शोधावयाचा तो व्यायामशाळांचे समूहफोटो, प्रशस्तिपत्रके व सामन्यांच्या निमंत्रणपत्रिका यांत. या कागदांना बाजारभाव नसल्याने घराची आवराआवर झाली की ते रद्दीत जाण्याची भीती फार. पुसद, दारव्हा, दिग्रस, वणी येथील महाविद्यालयांच्या इतिहास विभागांनी विद्यार्थ्यांकरवी अशा कागदांची नोंद करून घ्यावी. गाव, वर्ष, खेळ व कागद कोणाच्या घरी आहे, एवढे टिपले तरी पुरे. फोटोच्या दोन्ही बाजूंची छायाचित्रे घ्यावीत. फोटो वहीत डिंकाने चिकटवू नयेत. खेळाडूंची नावे बहुधा पाठीवरच, पेन्सिलीने लिहिलेली असतात.