मेंदू : नेहमीप्रमाणे

देऊळगाव राजाला गाडी चहासाठी थांबली तेव्हा आत्याने मांडीवरच्या पिशवीतून फिल्म काढली आणि खिडकीच्या उजेडात धरली. सकाळीच औरंगाबादला तिचा कॅन्सरसाठी पेट स्कॅन झाला होता. फिल्मवर तिचं अख्खं शरीर फिकट राखाडी दिसत होतं, काळेभोर होते ते दोनच भाग. खाली मूत्राशय, वर डोकं. मूत्राशयाबद्दल तिने काही विचारलं नाही. डोक्यावर बोट ठेवून म्हणाली, "हे काय रे? एवढं जळलं?"

जळलेलं नव्हतं. मेंदू साखर खातो, म्हणून तो काळा दिसतो. शरीराच्या वजनात त्याचा वाटा शंभरात दोन, पण बसल्या जागी शरीर जेवढी ऊर्जा खर्च करतं त्यातली शंभरात वीस एकटा तोच संपवतो. मी हे सांगितलं. तिने मान हलवली आणि चहात साखर घालायला लावली. घरच्यांनी कुठेतरी वाचून तिची साखर बंद केली होती, जणू चहा फिका केला की गाठ उपाशी मरते.

अहवाल दोन पानांचा होता. छाती, काख, यकृत, हाडं यांची मिलिमीटरपर्यंत मोजमापं. सगळ्यांत काळ्या अवयवाबद्दल मात्र एकच ओळ : फिजिऑलॉजिकल अपटेक. म्हणजे मेंदू नेहमीप्रमाणे, पुढे चला. लिहिणाऱ्याचं यात काही चुकलं नाही. मेंदू मुळातच इतका काळा येतो की त्यात बारीकशी गाठ असली तरी ती झाकली जाते, त्यासाठी एमआरआय काढावा लागतो. पण आत्या तीन महिने झोपली नव्हती. आणि ज्या यंत्राने तिचा मेंदू एका ओळीत उरकला, ते जन्मलं होतं मेंदूसाठीच. ही गंमत मला सोडवेना, म्हणून मागे जाऊन पाहिलं.

मागे जाता जाता एक शेतकरी भेटतो, बेर्तिनो नावाचा. इटलीतला. डोक्यावर वीट पडून त्याची कवटी फुटली होती आणि त्या भोकातून मेंदूची धडधड दिसायची. तूरिनचे शरीरशास्त्रज्ञ आंजेलो मोस्सो ती धडधड कागदावर उतरवून घेत. एकदा चर्चची दुपारची घंटा वाजली आणि कागदावरची रेघ उसळली. मोस्सोंनी विचारलं, प्रार्थना आठवली का? बेर्तिनो हो म्हणाला, तेव्हा रेघ पुन्हा उसळली. पुढे 1880 च्या दशकात मोस्सोंनी धडधाकट माणसांसाठी एक तराजू केला. टेकूवर तोललेली लाकडी फळी, तिच्यावर माणूस आडवा. मनात काही दाटून आलं की रक्त डोक्याकडे धावतं आणि फळीची ती बाजू खाली जाते, असा त्यांचा दावा. मनावर ओझं आहे, असं आपण म्हणतो. मोस्सोंनी ते खरोखरच तागडीत घालून पाहिलं.

पुढची पायरी थेट 1951 ची. बोस्टनमध्ये मेंदूचे शल्यविशारद विल्यम स्वीट यांनी पॉझिट्रॉन सोडणारं द्रव्य वापरून मेंदूतली गाठ कुठे आहे ते शोधायचा प्रयत्न केला. कॅन्सर आणि मेंदू या यंत्राच्या पाळण्यातच शेजारी होते म्हणायचे. सीटी स्कॅनची कुंडलीही तीच. 1971 मध्ये लंडनच्या ॲटकिन्सन मॉर्ली रुग्णालयात ज्या पहिल्या रुग्णाचा सीटी काढला, तिच्या मेंदूत गाठ असल्याचा संशय होता.

खरी युक्ती सापडली ती साखरेत. अमेरिकेत लुई सोकोलॉफ उंदरांच्या मेंदूवर काम करत होते. त्यांनी ग्लुकोजचा एक तोतया भाऊ वापरला, डीऑक्सीग्लुकोज. पेशी त्याला साखर समजून आत घेते, पचवायची पहिली पायरीही पार पाडते, पण पुढे जाता येत नाही. तो आतच अडकतो. ज्या पेशीने जास्त खाल्लं तिच्यात तो जास्त साचतो. या तोतयाच्या अंगाला किरणोत्सारी फ्लोरिन चिकटवला की तो कुठे अडकला ते बाहेरून दिसेल. ब्रुकहेवनच्या प्रयोगशाळेत तात्सुओ इदो यांनी ते जमवलं. ऑगस्ट 1976 मध्ये ते औषध विमानाने फिलाडेल्फियाला गेलं आणि पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात अबास अलावी यांनी ते दोन स्वयंसेवकांना टोचलं. पाहायचा होता मेंदू, आणि तोही जिवंत माणसाचा, काम करताना.

विमान हवंच होतं, कारण हे औषध 110 मिनिटांत निम्मं होतं. पावणेचार तास गेले की चार आण्यांचंच उरतं. आजही जिथे ते बनवणारं सायक्लोट्रॉन यंत्र नाही तिथे ते असंच धावतपळत येतं, आणि गाडी रखडली की रुग्ण उपाशीपोटी बाकावर ताटकळतात.

मग कॅन्सरने ते यंत्र मेंदूकडून घेतलं. त्याचा धागाही जुनाच होता. बर्लिनमध्ये ओटो वारबुर्ग यांनी 1920 च्या दशकात दाखवलं होतं की गाठीच्या पेशी साखरेच्या अधाशी असतात. मेंदूसाठी केलेला तोतया गाठींनाही तसाच फसवणार हे उघड होतं. 1998 मध्ये पिट्सबर्गला पेट आणि सीटी एकाच यंत्रात आले आणि कॅन्सरवाल्यांनी ते डोक्यावर घेतलं. आपल्याकडे परळच्या रेडिएशन मेडिसिन सेंटरमध्ये, टाटा रुग्णालयाच्या अंगणातच म्हणा, 2002 मध्ये देशातला पहिला वैद्यकीय सायक्लोट्रॉन सुरू झाला. आता आमच्या जिल्ह्यातला घाटावरचा माणूस जालन्यावरून औरंगाबादला जातो, घाटाखालचा अकोल्याला किंवा रेल्वेने नागपूर-मुंबईला, आणि 'पेट काढून आलो' असं बिल काढल्यासारखं सांगतो. पोटाचा फोटो काढतात असंच निम्म्यांना वाटतं.

सुई टोचल्यावर आत्याला तासभर एका मंद उजेडाच्या खोलीत पडून राहायला सांगितलं होतं. बोलायचं नाही, चघळायचं नाही, हालचाल नको. स्नायू हलला तरी साखर खातो आणि चित्र बिघडतं. लहान मुलं आणि गरोदर बायकांपासून दिवसभर दूर. नातवाला जवळ घ्यायचं नाही, हे तिला सुईपेक्षा जास्त टोचलं. बाहेर आल्यावर म्हणाली, "लग्न झाल्यापासून इतकी निवांत कधी पडली नाही मी. पण आत नुसतं वावटळ उठून रायलं होतं." तो तास मेंदूने काय केलं तेच तर फिल्मवर उमटलेलं होतं. मोजलं कोणीच नाही.

कुठे तरी मोजलंही गेलं. जपानमध्ये सेंदाईच्या तोहोकू विद्यापीठातल्या संशोधकांच्या मनात आलं, की गाठीसाठी काढलेल्या स्कॅनमध्ये मेंदूही आलेलाच असतो, मग तो बघू या. 1999 मध्ये त्यांनी मांडलं की कॅन्सरच्या रुग्णांमध्ये भावनांशी जोडलेल्या काही भागांत साखरेचा वापर कमी दिसतो. त्यानंतर काशिवाच्या कॅन्सर केंद्रात एमआरआय वापरून असं आढळलं, की स्तनाच्या कॅन्सरमधून वाचलेल्या ज्या बायकांना आजाराच्या आठवणी नको असताना छळतात, त्यांच्यात स्मृतीशी संबंधित हिप्पोकॅम्पस थोडा लहान भरतो. पण हे सगळं गटांच्या सरासरीचं बोलणं, आणि गटही छोटे. मेंदू आधी तसा होता की दुःखाने झाला, तेही यातून कळत नाही. एकट्या आत्याची फिल्म पाहून ती खचली आहे की नाही, हे आजही कुणाला सांगता येणार नाही. त्यामुळे अहवालातली ती एक ओळ मला आता पूर्वीइतकी सलत नाही. सलतं ते असं, की दोन पानांत दुसरीकडे कुठेही तिची झोप नव्हती.

आमच्या जिल्ह्यात मन बिघडलं की त्याचा रस्ता वेगळाच. आत्या रात्री उठून अंगणात बसते हे कळल्यावर तिच्या जाऊबाई म्हणाल्या, सैलानीला नेऊन आणा. पिंपळगाव सराईजवळचा सैलानी बाबांचा दर्गा, होळीला भरणारी यात्रा, नारळांची होळी. बाहेरची बाधा म्हणून कुठून कुठून माणसं आणतात. मी तिथे जाणाऱ्यांना हसणार नाही. तिथे निदान 'हिला काय होतंय' हा प्रश्न कोणीतरी मोठ्याने विचारतं. बाधेचा निकाल लागला तरी रुग्णाला वेळेवर औषध मात्र मिळत नाही, हे सोसणाऱ्या घरांना विचारा.

तोच प्रश्न दवाखान्यात विचारावा म्हणून न्यू यॉर्कच्या स्लोन केटरिंग रुग्णालयात 1977 मध्ये जिमी हॉलंड या मनोविकारतज्ज्ञ बाईंनी कॅन्सर रुग्णांसाठी स्वतंत्र मानसोपचार सेवा सुरू केली. पेट स्कॅनचं औषध जन्मलं त्याच्या पुढच्याच वर्षी. 1990 च्या दशकात तिथल्याच लोकांनी एक साधन काढलं : कागदावर तापमापकाचं चित्र, खाली 0, वर 10, आणि प्रश्न, गेल्या आठवड्यात मनाला किती त्रास झाला, त्यावर खूण करा. वीज लागत नाही, सायक्लोट्रॉन लागत नाही. चार-पाचच्या वर खूण गेली की कोणीतरी बसून बोलायचं.

फिल्मच्या पाकिटावर मी तसाच तापमापक काढला आणि आत्यापुढे धरला. चष्मा नाकावर सारत तिने बराच वेळ पाहिलं.

"हे तुमचं शून्य-दहा मले नाही समजत," ती म्हणाली. "तलाठी पिकाची आणेवारी लावत होता तसं सांगू का?"

"सांग."

"बारा आणे." मग बशीतला चहा संपवून, "काल इचारलं असतं तं सोळा."