‘काका, पुढं कुठं खेळायचं?’

मंडळी, पोस्ट मोठी आहे. चहा घेऊन बसा.

परवा नसरापूरवरून वेल्ह्याला निघालो होतो (कागदावर आता राजगड तालुका, तोंडात अजून वेल्हेच). मार्गासनीच्या पुढं एका माळावर पोरं फुटबॉल खेळताना दिसली. वरून पाऊस रपरप. गोलपोस्ट म्हणजे बांबू रोवलेले. दोघातिघांच्या पाठीवर मेस्सी, पायात मात्र काहीच नाही. गाडी बाजूला घेऊन थांबलो. आपल्याकडं जून लागला की क्रिकेट चार महिने बंद, म्हणून पोरांनी हा खेळ धरलेला. त्यातला एक खरंच चांगला खेळत होता. दोघांना चकवून चेंडू काढत होता, तेही त्या चिखलात. खेळ थांबल्यावर तो जवळ आला. "काका, तुम्ही पेपरवाले ना? मला पुढं खेळायचंय. कुठं जायचं?"

मी काहीतरी गुळमुळीत उत्तर दिलं. घरी आल्यावर मात्र चैन पडेना. या देशात फुटबॉल चालवतं कोण, आणि त्या चालवण्याचा धागा वेल्ह्याच्या माळापर्यंत का पोचला नाही, हे मुळातून बघायला बसलो.

आपल्या देशात हा खेळ आला तो पलटणींबरोबर. पुणे आणि खडकीच्या छावण्यांत गोरे सोल्जर खेळायचे, मुंबईतही तेच. 1888 साली सिमल्याला ड्युरँड कप सुरू झाला आणि 1891 ला मुंबईत रोव्हर्स कप. पहिला रोव्हर्स जिंकला तो वूस्टरशायर रेजिमेंटनं. सगळा मामला गोऱ्या पलटणींचा. आपली माणसं कडेला उभी राहून बघणार. 1911 साली कलकत्त्यात मोहन बागाननं आयएफए शील्डच्या अंतिम सामन्यात ईस्ट यॉर्कशायर रेजिमेंटला 2-1 हरवलं, तेही बहुतेक अनवाणी पायांनी, तेव्हा देशभर खळबळ उडाली. तरी मुंबईच्या रोव्हर्समध्ये मोहन बागानला बोलावणं यायला 1923 साल उजाडलं. पुढं 1937 ला बेंगळुरू मुस्लिम्स या संघानं तो कप जिंकला.

त्याच 1937 साली सिमल्यात अखिल भारतीय फुटबॉल महासंघ स्थापन झाला. त्याआधीच आपल्या भागाची संघटना होती. 1911 साली बॉम्बे फुटबॉल असोसिएशन आणि रोव्हर्सची मंडळी एकत्र येऊन वेस्टर्न इंडिया फुटबॉल असोसिएशन झाली. तीच आजची ‘विफा’. महाराष्ट्राचा फुटबॉल तिच्याकडं. म्हणजे बघा, आपल्या राज्याची संघटना देशाच्या महासंघापेक्षा थोरली. पण ती मुंबईची, कूपरेजच्या मैदानाभोवती वाढलेली. ही गोष्ट लक्षात ठेवा.

रचना अशी: वर जागतिक फिफा, खाली देशाचा महासंघ, त्याखाली राज्याची विफा, त्याखाली जिल्हा संघटना, आणि जिल्ह्याखाली क्लब. खेळाडूची नोंद होते ती क्लबमार्फत. आमच्या पुणे जिल्ह्याची संघटना आहे, तिची लीगही आहे, पण ती खेळली जाते पुणे शहरात आणि शहराच्या आसपास. तालुका नावाची पायरी या शिडीत नाहीच. तुमच्या गावात क्लब नसेल तर तुम्ही कितीही चांगले खेळा, फुटबॉलच्या वहीत तुमचं नाव नाही.

मग कोल्हापूरला कसं जमलं?

हा प्रश्न मला जास्त छळतो, कारण तेही संस्थान आणि आपलं भोरही संस्थान. कोल्हापूरची गंमत अशी की तिथं फुटबॉलला वेगळे क्लब काढावे लागले नाहीत. कुस्तीच्या तालमी पेठापेठांत होत्याच. पाटाकडील तालीम, खंडोबा तालीम, दिलबहार, बालगोपाल, शिवाजी तरुण मंडळ, प्रॅक्टिस क्लब. या तालमी-मंडळांनीच फुटबॉल उचलला. राजघराण्यानं वरून पाठबळ दिलं, कोल्हापूर स्पोर्ट्स असोसिएशन म्हणजे केएसए उभी राहिली, शाहू स्टेडियम मिळालं. वरिष्ठ लीगला 16 संघ उतरतात, आणि सामन्याला पेठच्या पेठ लोटते. मी स्वतः एकदा तिथं सामना बघितलाय. शेजारी बसलेले सत्तरीचे आजोबा रेफ्रीला ज्या शिव्या देत होते त्या इथं लिहिता येणार नाहीत. पण त्यांना दोन्ही संघांतलं प्रत्येक पोरगं नावानिशी माहीत होतं, कोणाचा बाप कुठल्या जागेवर खेळायचा हेसुद्धा.

सगळं गोड आहे असं नाही. हुल्लडबाजी होते, दगडफेक होते, पोलीस बंदोबस्त लागतो, ईर्ष्येपायी खेळाडूंवर पैसा उधळला जातो. पण रचना टिकली, कारण ती पेठेच्या अभिमानावर उभी आहे. कंपनीच्या जाहिरात बजेटवर नाही. अनिकेत जाधव हा रिक्षाचालकाचा मुलगा त्याच मातीतला. तो पुण्यात बालेवाडीच्या क्रीडा प्रबोधिनीत आला आणि 2017 च्या 17 वर्षांखालील वर्ल्डकपमध्ये भारताकडून खेळला.

आता मुंबई बघा. 1956 च्या मेलबर्न ऑलिंपिकमध्ये भारतानं ऑस्ट्रेलियाला 4-2 हरवलं. त्यात तीन गोल मुंबईच्या नेव्हिल डिसोझाचे. ऑलिंपिक फुटबॉलमध्ये आशियाई खेळाडूची ती पहिली हॅट्ट्रिक. भारत चौथा आला. हे आपल्या किती पोरांना माहीत आहे? त्या काळचे मुंबईचे संघ बहुतेक कंपन्यांचे, गिरण्यांचे, रेल्वेचे. टाटा, कॅलटेक्स, मफतलाल, ऑर्के मिल्स. खेळाडूला नोकरी, पगार, संध्याकाळी सराव. पद्धत चांगली होती, पण कंपनी आजारी पडली की संघ मेला. महिंद्रा युनायटेड 2006 ला राष्ट्रीय लीग जिंकला आणि 2011 पर्यंत बंदही झाला. रोव्हर्स कपचंच घ्या, 2000-01 नंतर तो झालाच नाही. एकशेदहा वर्षांची स्पर्धा गेली, आणि महाराष्ट्रात कुणी हू की चू केलं नाही.

पुण्याची कथा याहून वाईट. 2007 ला पुणे एफसी निघाला, 2012-13 च्या आय-लीगमध्ये दुसरा आला, 2015 ला गुंडाळला. डीएसके शिवाजियन्स 2017 ला गेला. एफसी पुणे सिटी 2014 ला इंडियन सुपर लीगसोबत झगमगाटात आला आणि 2019 ला बंद पडून त्याची जागा हैदराबादला गेली. बारा वर्षांत तीन संघ. बालेवाडीचं स्टेडियम तिथंच आहे, प्रेक्षकही होते. मालकाला परवडेनासं झालं की विषय संपला. पाटाकडील तालीम असं करू शकत नाही, तिला पेठ सोडून कुठं जायचंय?

आता थोडं राजकारण, त्याशिवाय आपल्याला करमत नाही. 2009 ते 2022 महासंघाचे अध्यक्ष होते आपल्याच राज्याचे प्रफुल्ल पटेल. मुदत संपली तरी निवडणूक होईना, म्हणून मे 2022 मध्ये सुप्रीम कोर्टानं त्यांना हटवून प्रशासकांची समिती नेमली. यावर फिफानं बाहेरचा हस्तक्षेप म्हणत ऑगस्टमध्ये भारतावर बंदी घातली. अकरा दिवसांनी ती उठली. मग निवडणूक झाली. एका बाजूला भाईचुंग भुतिया, देशाचा माजी कर्णधार. दुसऱ्या बाजूला कल्याण चौबे. मतं 33 विरुद्ध 1. राज्य संघटनांनी मतं दिली, खेळाडूंनी नाही. त्यावेळी कार्यकारिणीवर कोल्हापूरचे मालोजीराजे छत्रपती निवडून गेले. कोल्हापूरचा धागा थेट दिल्लीपर्यंत पोचतो तो असा.

आणि 2025 च्या जुलैत सुपर लीगच चालकांनी थांबवली, कारण महासंघाशी असलेला 15 वर्षांचा करार डिसेंबरात संपत होता. देशातल्या सगळ्यात वरच्या लीगचे खेळाडू पगाराच्या काळजीत. त्याच डिसेंबरात मेस्सी वानखेडेवर येऊन गेला. आपल्या सरकारनं तेव्हा 13 वर्षांखालील मुला-मुलींना निवडून घडवायची ‘महादेवा’ योजना पुढं आणली. चांगलं आहे, मी नावं ठेवणार नाही. फक्त मार्गासनीच्या पुढचं ते पोरगं पंधराचं आहे. 2017 ला वर्ल्डकपच्या आधी शाळाशाळांत फुटबॉल वाटून दहा लाख पोरं एका दिवशी खेळवायचा कार्यक्रम झाला होता. त्यातले चेंडू आज कुठल्या कपाटात आहेत, आपापल्या शाळेत विचारून बघा.

आपल्याकडं तालमी नव्हत्या का? होत्या. गावोगाव तरुण मंडळं आहेत, गणपतीला डीजे लावण्याइतकी वर्गणी निघते, कबड्डीचे संघ आहेत, टेनिस बॉल क्रिकेटला आमदार चषक, सरपंच चषक, सगळे चषक आहेत. चार महिने पाऊस आहे, आणि पावसात खेळता येणारा खेळ हाच आहे. मैदान म्हणाल तर भोर शहरात जी मोकळी जागा आहे तिथं लग्नाचा मांडव, सभा आणि गाड्यांचं पार्किंग. वेल्ह्याकडं सपाट जागा म्हणजे भातखाचर, आणि लावणी सुरू झाली की ते शेतकऱ्याचं.

काल परत त्या माळावर गेलो. या वेळी तयारी करून. पोराला सांगितलं: शाळेचा संघ उतरव, जिल्हा क्रीडा कार्यालयाच्या शालेय स्पर्धेत आणि सुब्रतो कपला नाव द्यायला मुख्याध्यापकांची सही लागते. पुढं खेळायचं तर जिल्हा संघटनेशी संलग्न क्लबमधून नोंद लागेल, म्हणजे पुण्याला जाणं-येणं. आणि मंडळाची पोरं तयार असतील तर स्वतःचाच क्लब नोंदवता येतो का ते मी विचारून सांगतो.

त्यानं सगळं ऐकून घेतलं. मग मागं वळून मोजलं. "काका, आम्ही नऊच जण आहोत. विंझरची दोन पोरं घेतली तर चालतील का?"

विंझर, मार्गासनी, वेल्हे भागातल्या कुणाच्या घरात फुटबॉल खेळणारं पोरगं किंवा पोरगी असेल, तर कमेंटमध्ये गावाचं नाव तेवढं टाका.